एका घरातले बारा हुतात्मे: क्वांग नामच्या थू आईंचं कुटुंब

न्गुयेन थी थू यांचा जन्म १९०४चा. त्या गेल्या १० डिसेंबर २०१० रोजी, वयाच्या १०६व्या वर्षी. या आयुष्यात त्यांचे नऊ मुलगे, एक जावई आणि लेकीची दोन मुलं युद्धात मारली गेली. पहिला मुलगा गेला १९४८ मध्ये, फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यात. शेवटचा गेला ३० एप्रिल १९७५ रोजी, म्हणजे ज्या दिवशी दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली आणि युद्ध संपलं त्याच दिवशी. व्हिएतनाममध्ये त्यांना ‘मे थू’, म्हणजे थू आई, म्हणूनच ओळखतात. इथेही तेच नाव वापरतो आहे.

मराठी वाचकाला व्हिएतनाम बहुतेक वेळा गनिमी काव्याच्या संदर्भात भेटतो. छोट्या देशाने अमेरिकेसारख्या महासत्तेला कसं नमवलं, या कथेत भुयारं असतात, बांबूचे सापळे असतात, सेनापती व्हो न्गुयेन जाप असतात. भुयारात दबा धरून बसलेल्या माणसाला रात्री भात कोण नेऊन देत होतं, हे त्या कथेत सहसा येत नाही. हे प्रकरण निवडण्याचं कारण तेवढंच. थू आईंच्या सोशिकतेचा गौरव त्यांच्या देशात भरपूर झाला आहे. पण सोशिकता म्हणजे मुकाट सोसणं असा अर्थ घेतला, तर या घरात काय घडलं ते कळतच नाही. हे घर टिकलं ते कामामुळे, आणि त्यातलं बरंचसं काम बायकांचं होतं: पेरणं, शिजवणं, खणणं, लपवणं, शिपायासमोर चेहरा कोरा ठेवून खोटं बोलणं, आणि कोण कोणत्या तिथीला गेलं ते पिढ्यानपिढ्या लक्षात ठेवणं.

गाव आणि काळ

थान क्विट हे गाव दिएन बान तालुक्यातलं, मध्य व्हिएतनामच्या तेव्हाच्या क्वांग नाम प्रांतातलं. उत्तरेला दा नांग बंदर, आग्नेयेला होई आन हे जुनं व्यापारी शहर, आणि मधून गेलेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १. थू बोन नदी आणि तिच्या फाट्यांनी आणलेल्या गाळावर इथे भात, रताळी आणि तुतीची शेती होते. जमीन सपाट, वस्ती दाट, डोंगर लांब. गनिमी लढ्याला लागणारं जंगल इथे नाही. उलट रस्ता, बंदर आणि पुढे विमानतळ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे प्रत्येक सैन्याला हा पट्टा हवाच होता. या कुटुंबाच्या वाट्याला जे आलं त्यात भूगोलाचा हात मोठा आहे. डोंगरातल्या गावाला लढाई अधूनमधून भेटते. इथे ती अंगणातूनच जात होती.

थू आई चार वर्षांच्या होत्या तेव्हा, १९०८च्या मार्चमध्ये, याच प्रांतातल्या दाई लोक भागातून करविरोधी आंदोलन सुरू झालं. फ्रेंचांचा डोईपट्टीचा कर आणि वेठबिगार यांनी शेतकरी पिचले होते. हजारोंचे जमाव प्रशासकीय कचेऱ्यांसमोर जाऊन बसले आणि आंदोलन मध्य व्हिएतनामभर पसरलं. फ्रेंचांनी ते मोडून काढलं, पुढाऱ्यांना देहदंड दिला किंवा कोन दाव बेटावरच्या तुरुंगात धाडलं. पुढच्या चाळीस वर्षांत क्वांग नाममधून जी राजकीय माणसं निघाली, त्यांच्या घरोघरी ही आठवण जिवंत होती. १९४५च्या ऑगस्टमध्ये व्हिएत मिन्हने, म्हणजे हो ची मिन्ह यांच्या नेतृत्वाखालच्या स्वातंत्र्य चळवळीने, सत्ता हाती घेतली तेव्हा देशात सर्वांत आधी पुढे आलेल्या प्रांतांत क्वांग नाम होता. थू आईंचे थोरले मुलगे तेव्हा हाती शस्त्र धरण्याच्या वयाचे झाले होते.

फ्रेंच परत आले. १९४७ पासून दा नांग आणि प्रांताचा उत्तर भाग, म्हणजे दिएन बानसुद्धा, त्यांच्या ताब्यात होता. दक्षिण भाग व्हिएत मिन्हकडे राहिला. थान क्विट या सीमेच्या चुकीच्या बाजूला पडलं. दिवसा गस्त फ्रेंचांची, रात्री येणंजाणं व्हिएत मिन्हचं. १९४८ मध्ये ले तु झुएन हा मुलगा गेला. नऊंमधला हा पहिला.

दोन युद्धांच्या मधली वर्षं

बाहेरून पाहणाऱ्याला १९५४ ते १९६० हा काळ शांततेचा वाटतो. माझ्या मते या कुटुंबाच्या दृष्टीने हीच वर्षं सगळ्यात कठीण असणार, कारण या काळात शत्रू गावातच राहत होता आणि कम्युनिस्ट नेतृत्वाची लढायला परवानगी नव्हती.

१९५४च्या जुलैमध्ये फ्रेंचांशी चाललेलं युद्ध थांबवणारा जिनिव्हा करार झाला. सतराव्या अक्षांशावर देशाची तात्पुरती फाळणी झाली, दोन वर्षांत निवडणुका घेऊन तो जोडायचा असं ठरलं. कराराच्या अंमलबजावणीवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं; पोलंड आणि कॅनडा हे इतर दोन सदस्य. व्हिएत मिन्हचे सैनिक उत्तरेकडे गेले. दोन वर्षांचाच प्रश्न आहे, असं म्हणून कित्येकांनी आईबापांचा आणि बायकामुलांचा निरोप घेतला. १९५६च्या निवडणुका झाल्याच नाहीत आणि ती ताटातूट वीस वर्षं लांबली.

दक्षिणेत न्गो दिन्ह दिएम यांच्या सरकारने ‘कम्युनिस्टांचा धिक्कार करा’ ही मोहीम हाती घेतली. गावातल्या घरांची वर्गवारी झाली. ज्यांचा मुलगा, नवरा किंवा भाऊ व्हिएत मिन्हमध्ये होता त्या घरांवर वेगळी पाळत बसली. उत्तरेकडे गेलेल्या नवऱ्याशी काडीमोड घ्यायला बायकांवर दबाव आला. मे १९५९ मध्ये १०/५९ क्रमांकाचा कायदा आला. त्याने फिरती लष्करी न्यायालयं उभी केली. तिथे देहदंड सुनावला जाई आणि अपिलाची सोय नव्हती. गिलोटिन गावोगाव फिरलं.

थू आईंसारख्या घरात मेलेल्या मुलासाठी उघड रडणंसुद्धा या काळात धोक्याचं होतं. देव्हाऱ्यात त्याचा फोटो लावायचा म्हणजे आपण कोणत्या बाजूचे ते स्वतःच सांगायचं. व्हिएतनामी घरात पितरांचा देव्हारा हा घराचा मध्य असतो. वर्षश्राद्धाला तिथे जेवण वाढलं जातं, उदबत्ती लागते, नातेवाईक जमतात, मग सगळे मिळून जेवतात. तोच विधी चोरून करावा लागणं म्हणजे दुःखाला दारही बंद होणं.

थान क्विटचाच न्गुयेन वान त्रोई याच पिढीतला. सायगावात विजेची कामं करणारा हा तरुण, अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा जाणार होते त्या पुलाखाली सुरुंग पेरण्याच्या प्रयत्नात पकडला गेला आणि १५ ऑक्टोबर १९६४ रोजी त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. जगभर गाजलेलं ते नाव आणि थू आईंची मुलं एकाच गावची. हे घर गावापेक्षा निराळं होतं अशी समजूत होऊ नये म्हणून हे सांगितलं. गावच असं होतं. या घराच्या वाट्याला आकडा सगळ्यात मोठा आला.

घर चालायचं कसं

थू आईंच्या बागेत गुप्त भुयारं खणलेली होती आणि त्यांत लढणारी माणसं लपत. सायगावजवळच्या कू चीच्या भुयारांचे फोटो अनेकांनी पाहिलेले असतात: मजल्यावर मजले, स्वयंपाकघरं, दवाखाने. क्वांग नाममध्येही ताम कीजवळ की आन इथे मैलोगणती पसरलेलं जाळं आहे. घरामागचं भुयार त्या मानाने अगदी साधं. दोन-तीन माणसं गुडघे मुडपून बसतील एवढा खड्डा, श्वासासाठी बांबूची पोकळ नळी, वर झाकण आणि झाकणावर माती, पालापाचोळा.

ते साधं असलं तरी राखणं अवघड होतं. खणायचं फक्त रात्री. निघालेली माती टोपल्यांनी दूर नेऊन नदीत किंवा शेतात पसरायची, कारण अंगणात ताज्या मातीचा ढीग दिसला की संपलं. नदीकाठच्या गाळात पाणी लवकर लागतं, पावसाळ्यात भुयार भरून येतं, मग नवी जागा शोधायची. शोधमोहिमेत सैनिक लोखंडी सळया जमिनीत खुपसत फिरत; सळई पोकळीत गेली की आत बसलेल्याला बाहेर यायला सांगत, नाहीतर बाँब टाकत. त्या वेळी वर उभ्या असलेल्या बाईने काय करायचं? आपलं काम चालू ठेवायचं. नजर त्या जागेकडे जाऊ द्यायची नाही.

जेवणाचा प्रश्न याहून किचकट. घरात माणसं पाच आणि भात आठांचा शिजला तर शेजारच्या खबऱ्याला ते कळतं. धूर अवेळी दिसला तरी कळतं. बाजारात मीठ नेहमीपेक्षा जास्त घेतलं तरीही. अशा गावांत बायकांनी जी शिस्त पाळली ती सैनिकी शिस्तीइतकीच कडक होती, फक्त तिला गणवेश नव्हता. दक्षिणेतल्या लढ्यात बायकांच्या या फळीला ‘लांब केसांची फौज’ असं नाव पडलं होतं. पुढे त्यातून नामांकित स्त्री-सेनानीही निघाल्या, पण त्या फळीचं खरं बळ निरोप पोचवणाऱ्या, तांदूळ जमवणाऱ्या, कचेरीसमोर घोळक्याने जाऊन अटकेतल्या माणसांची सुटका मागणाऱ्या गावच्या बायकांत होतं.

या सगळ्याच्या खाली शेती. थोरले मुलगे गेले, धाकटे त्यांच्या मागे गेले. नांगर, लावणी, कापणी बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी ओढली. क्वांग नाममध्ये त्या वर्षांत घोषणा होती की एक इंचही हलायचं नाही. घोषणा म्हणून ती भिंतीवर शोभते. पण शेत सोडलं तर तांदूळ संपतो, तांदूळ संपला तर भुयारातला माणूस संपतो, आणि गाव रिकामं झालं की ते बेलगाम बाँबफेकीचं क्षेत्र ठरतं. जमिनीला चिकटून राहण्यामागे देशप्रेमाइतकाच हा रोकडा हिशेबही होता.

एका मागून एक मुलगा जात असताना आई पुढच्याला कशी जाऊ देते, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणारच. सरकारी उत्तर तयार आहे: देशभक्ती. ते खोटं नाही. पण तेवढ्यावर थांबलं की पर्यायांचा विचार होत नाही. दिएन बानमधल्या वयात आलेल्या मुलाला घरी बसण्याचा पर्याय नव्हताच. सायगाव सरकारची सक्तीची भरती होती. ज्या घरातून भाऊ व्हिएत मिन्हमध्ये गेला, त्या घरातला मुलगा गावात राहिला तर संशयावरून कधीही उचलला जाई. मग भावांच्या बाजूला जाणं, भावांविरुद्ध बंदूक धरणं किंवा तुरुंग, एवढंच उरतं. आईने मुलांना अर्पण केलं ही भाषा मला म्हणूनच अपुरी वाटते. तिच्यासमोर ठेवलेल्या सगळ्याच वाटा मुलाला घेऊन जाणाऱ्या होत्या. त्यांतली जी आपली वाटली ती त्या घराने धरली, आणि एकदा धरल्यावर शेवटपर्यंत सोडली नाही.

१९६५ ते १९७५

८ मार्च १९६५ रोजी अमेरिकेचे सुमारे साडेतीन हजार मरीन सैनिक दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. दक्षिण व्हिएतनाममध्ये जमिनीवर लढण्यासाठी आलेल्या या पहिल्या मोठ्या अमेरिकी तुकड्या. त्यांचा तळ दा नांगचा विमानतळ, आणि त्या तळाभोवतीचा सुरक्षा-पट्टा म्हणजे दिएन बानची गावं. पुढे होई आनच्या बाजूला दक्षिण कोरियाची मरीन ब्रिगेड आली.

१९६८च्या फेब्रुवारीत या तालुक्यात जे झालं ते कोर्टाच्या नोंदींत आणि स्मारकांवर आहे. १२ फेब्रुवारीला फोंग न्यी आणि फोंग न्यात या वस्त्यांत कोरियन मरीनांनी सत्तरहून अधिक गावकऱ्यांना मारलं. बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. २५ फेब्रुवारीला हा मी गावात १३५ जण मारले गेले. फोंग न्यीमध्ये पोटात गोळी लागूनही वाचलेल्या एका मुलीने मोठेपणी सोल इथे कोरियन सरकारवर खटला भरला. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२५च्या जानेवारीत अपिलातही तो टिकला. पहिला निकाल आला तो पंचावन्न वर्षांनी. १९६९ मध्ये याच तालुक्यातला गो नोई हा नदीच्या फाट्यांमधला सुपीक तुकडा मोठ्या लष्करी मोहिमेत बुलडोझरने सपाट करण्यात आला. तुतीचे मळे, बांबूची बेटं, घरं, सगळं.

थू आईंचं कुटुंब या दशकात दोन पिढ्यांनी लढत होतं. मुलगे होतेच. आता लेकीचं घरही ओढलं गेलं. ले थी त्री ही त्यांची मुलगी. तिचा नवरा गेला, मग दोन मुलं गेली. आई आणि मुलगी या दोघी आता केवळ मायलेकी राहिल्या नाहीत. दोघींनीही पोटची मुलं गमावलेली. व्हिएतनाममध्ये म्हणतात की पिवळं पान झाडावर राहिलं आणि हिरवं गळून पडलं. या घरात पिवळं पान राहिलं आणि खाली दोन हंगामांची हिरवी पानं गळाली.

मग ३० एप्रिल १९७५. क्वांग नाम त्याआधीच, २४ मार्चला ताम की पडल्यावर, सायगाव सरकारच्या हातचा गेला होता. २९ मार्चला दा नांगही गेलं. थान क्विटमध्ये महिनाभरापूर्वीच युद्ध संपलं होतं. थू आईंचा मुलगा ले तु चुएन मात्र दक्षिणेत, सायगावच्या वेशीवर होता आणि त्या दिवशी सकाळी मारला गेला. सकाळी साडेदहाच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष दुओंग वान मिन्ह यांनी आपल्या फौजांना शस्त्रं खाली ठेवण्याचा आदेश दिला, आणि दुपारपर्यंत राजवाड्यावर दुसरा झेंडा चढला.

शरणागती जाहीर करणाऱ्या या मिन्ह यांचा सख्खा भाऊ, दुओंग थान न्युत, समोरच्या सैन्यात अधिकारी होता. देशाच्या शेवटच्या राष्ट्राध्यक्षाचं घर दोन बाजूंना वाटलेलं आणि थान क्विटचं एक शेतकरी घर सगळंच्या सगळं एका बाजूला. दोन्ही प्रकारची कुटुंबं त्या देशात लाखोंनी होती. थू आईंसारखी घरं पुढे देशाचं प्रतीक झाली. विभागलेली घरं आपसात काय बोलायचं आणि काय नाही हे ठरवण्यातच पुढची कित्येक वर्षं घालवत राहिली.

कागद, देह, तिथी

युद्धानंतर अशा कुटुंबाकडे तीन गोष्टी यायला हव्यात: मृत्यूची लेखी सूचना, हुतात्म्याचं प्रमाणपत्र आणि देह. पहिल्या दोन सरकार देऊ शकतं. तिसरी बहुतेकांना मिळत नाही. व्हिएतनामच्या सरकारी आकडेवारीनुसार अकरा लाखांहून अधिक हुतात्म्यांपैकी जवळपास दोन लाखांचे अवशेष सापडलेले नाहीत आणि सुमारे तीन लाख जणांच्या कबरी आहेत, पण त्यांवर नाव नाही.

तारीख माहीत नसेल तर वर्षश्राद्ध कधी करायचं? व्हिएतनामी घरांनी यावर आपापले तोडगे काढले. कुणी मुलगा घर सोडून गेला तो दिवस धरला, कुणी सूचनेच्या कागदावरचा. कुणी २७ जुलै, म्हणजे १९४७ पासून पाळला जाणारा जखमी सैनिक व हुतात्म्यांचा दिवस, हाच सगळ्यांसाठी मानला. देह नसेल तर रिकामी कबर बांधायची. आणि जे अविवाहित गेले त्यांचं श्राद्ध कोणी करायचं, हा आणखी नाजूक प्रश्न, कारण परंपरेने ते मुलाचं काम. ते पुतण्यांकडे, भाच्यांकडे जातं. इथे ते आईने केलं, मुलीने केलं. वंशाची रीत उलटी फिरली.

थू आईंचं एक छायाचित्र व्हिएतनाममध्ये सर्वांना माहीत आहे: पुढ्यात जेवणाचं ताट, त्याभोवती नऊ रिकामे वाडगे आणि नऊ चॉपस्टिकच्या जोड्या. छायाचित्र म्हणून ते इतकं नेमकं आहे की पाहणारा तिथेच अडतो. पण नऊ वाडगे मांडायला नऊ तिथी आठवाव्या लागतात, आणि ज्या बाईने युद्धात रोज किती जणांचं शिजवायचं याचा हिशेब जिवावर बेतेल म्हणून चोख ठेवला, तिच्याच हातून नंतर ही आठवणीची मोजदाद झाली. ते छायाचित्र मी असं वाचतो.

२९ ऑगस्ट १९९४ रोजी राष्ट्रीय सभेच्या स्थायी समितीने ‘व्हिएतनामी वीरमाता’ हा राष्ट्रीय किताब निर्माण केला. निकष आकड्यांत होते: तीन किंवा अधिक मुलं हुतात्मा, किंवा दोनच मुलं आणि दोन्ही हुतात्मा, किंवा एकुलता एक मुलगा हुतात्मा, किंवा दोन मुलांबरोबर नवरा किंवा स्वतः ती. २०१२च्या दुरुस्तीने निकष थोडे सैल झाले. १७ डिसेंबर १९९४ला पहिल्या तुकडीत जवळपास २० हजार मातांना तो दिला गेला; आजवरचा आकडा १ लाख ३९ हजारांवर आहे आणि त्यातल्या बहुतेकींना तो मरणोत्तर मिळाला. एकट्या क्वांग नाममध्ये पंधरा हजारांहून अधिक, म्हणजे देशात सर्वाधिक. थू आई पहिल्या तुकडीत होत्या. ले थी त्री यांनाही हा किताब मिळाला: नवरा आणि दोन मुलं. मायलेकी दोघी वीरमाता.

किताबाबरोबर मासिक मानधन येतं, घर बांधून मिळतं, एखादी संस्था किंवा कंपनी त्या मातेची आयुष्यभराची जबाबदारी उचलते. वीस वर्षं उशिरा आलं तरी म्हाताऱ्या शेतकरी बायकांसाठी हे फार मोलाचं होतं, आणि ते हिणवण्याचं काहीच कारण नाही. अडचण निकषांत आहे. दुःख प्रमाणपत्रांच्या संख्येवर मोजलं की ज्या घराकडे कागद नाहीत ते घर मोजलंच जात नाही. लपून काम करणाऱ्यांकडे कागद नसणं हीच तर त्यांच्या कामाची अट होती.

डोंगराएवढी आई

२७ जुलै २००९ रोजी ताम कीजवळच्या ‘काम’ नावाच्या टेकडीवर वीरमातेच्या भव्य स्मारकाचं काम सुरू झालं. शिल्पकार दिन्ह जा थांग. मधोमध आईचा चेहरा, तो थू आईंवर बेतलेला, आणि दोन्ही बाजूंना कमानीसारखी पसरत गेलेली दगडी भिंत, ज्यातून मुलांचे चेहरे उमटतात. उंची अठरा मीटरांहून अधिक, लांबी जवळपास १२० मीटर. २४ मार्च २०१५ला, ताम कीच्या विजयाच्या चाळीसाव्या वर्षी, उद्‌घाटन झालं. तोवर थू आईंना जाऊन चार वर्षं उलटली होती.

मूळ अंदाज ८१ अब्ज दोंगचा होता, तो ४११ अब्जांवर गेला. २०११च्या दराने सुमारे दोन कोटी डॉलर. व्हिएतनामच्या वर्तमानपत्रांत यावर उघड आणि तीव्र वाद झाला, जे तिथे सहजासहजी होत नाही. गरीब प्रांत, हयात माता अजून पत्र्याच्या घरांत, मग एवढा पैसा दगडात का? बाजूने बोलणारे म्हणाले की हे एका प्रांताचं नसून देशाचं स्मारक आहे आणि पुढच्या पिढ्यांसाठी आहे.

माझा कल टीका करणाऱ्यांकडे आहे, पण खर्चापेक्षा वेगळ्या कारणासाठी. त्या शिल्पात आई डोंगर झाली आहे: स्थिर, सगळं पोटात घेणारी. थान क्विटमधली बाई क्षणभरही स्थिर नव्हती. ती माती वाहत होती, चूल लावत होती, रस्त्यावर लक्ष ठेवत होती. सोसणाऱ्या आईचं शिल्प करता येतं. कामात असलेल्या आईचं करणं कठीण, आणि सत्तेला त्याची गरजही कमी. मुकी आई कुणालाच काही विचारत नाही. काम केलेल्या बाईला मात्र विचारण्यासारखं पुष्कळ असतं: निवडणुका का झाल्या नाहीत, देह का सापडत नाहीत, प्रमाणपत्राला वीस वर्षं का लागली.

चौकटीबाहेरचे

आठवण कशी राखली जाते याचं दुसरं उदाहरण याच तालुक्यात आहे. हा मी गावात २०००च्या सुमारास कोरियन माजी सैनिकांच्या पैशातून स्मारक उभं राहिलं. गावकऱ्यांनी त्यावर त्या दिवशी काय झालं ते सविस्तर लिहिलं. देणगीदारांना ते खटकलं, राजनैतिक दबाव आला, आणि तो मजकूर पुसण्याऐवजी गावाने त्यावर कमळांचं चित्र असलेली फरशी बसवून घेतली. मजकूर अजून तिथेच आहे, फरशीखाली. थू आईंच्या स्मारकाला अब्जावधी दोंग मिळतात आणि तालुक्यातल्या दुसऱ्या स्मारकाचा मजकूर झाकावा लागतो. दोन्ही निर्णय एकाच देशाचे, एकाच काळातले. मित्र झालेल्या देशाच्या गुंतवणुकीपुढे गावाच्या दुःखाला मागे सरावं लागलं.

आणि मग ती घरं, ज्यांची मुलं सायगाव सरकारच्या सैन्यात होती. त्या सैन्याचे अडीच लाखांच्या आसपास जवान मारले गेले असा सर्वसाधारण अंदाज आहे. दिएन बानमधूनही सक्तीच्या भरतीत मुलं गेली, काही स्वेच्छेने गेली. त्यांच्या आयांनीही भात शिजवून वाट पाहिली होती, त्यांच्याकडेही तिथी होत्या. १९७५ नंतर त्यांचे मुलगे ‘बाहुल्या सरकारचे शिपाई’ ठरले, घरातल्या नातवंडांना शिक्षणात आणि नोकरीत त्या शिक्क्याची किंमत मोजावी लागली. सायगावजवळच्या बिएन होआच्या लष्करी दफनभूमीत सुमारे सोळा हजार कबरी आहेत. ती जागा २००६ मध्ये सैन्याच्या ताब्यातून नागरी प्रशासनाकडे आली, आणि तेव्हापासून नातेवाईकांना येऊन कबरी साफ करणं, दुरुस्त करणं पूर्वीपेक्षा सोपं झालं. १९९४च्या किताबात या आयांना जागा नव्हती आणि २०१२च्या दुरुस्तीतही ती झाली नाही.

जुलै २०२५ मध्ये क्वांग नाम प्रांत दा नांग शहरात विलीन झाला, म्हणजे वीरमातांच्या सगळ्या नोंदी आता नव्या प्रशासनाखाली आल्या आहेत. थू आईंच्या पिढीतलं आता कुणी उरलेलं नाही, ले थी त्री यांच्या पिढीतल्याही फार थोड्या बायका हयात आहेत. दुसऱ्या बाजूच्या घरांच्या तिथी आजही कागदावर नाहीत. त्या नोंदवून घ्यायच्या असतील तर सुना आणि लेकी अजून सांगू शकतील तेवढ्या काळातच हे काम व्हायला हवं, आणि ते दा नांगच्या नव्या प्रशासनाला करता येण्यासारखं आहे.